शेजारमूठ

"बसा मावशी. तुमी जशा बसत होत्या ना, तशाच बसा," असं म्हणून देवानंद मोबाईल आडवा धरत दोन पावलं मागे सरकला, आणि कुसुमबाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यातली अडतीस वर्षं त्या याच जमिनीवर बसल्या होत्या, पण एवढ्या वर्षांत त्यांना कुणी 'बसा' म्हटलेलं आठवत नव्हतं. 'उठा' मात्र सगळ्यांनीच म्हटलं होतं. मिरवणूक आली, उठा. मोठ्या साहेबाची गाडी आली, उठा. बैल उधळला, उठा. नाली उपसायची आहे, उठा. त्या उठायच्या, टोपली कडेला ओढायच्या आणि उडालेली धूळ खाली बसायच्या आत परत आपल्या जागेवर यायच्या. आता जागाच हातातून गेल्यावर, दीड वर्षानं, हा पोरगा घरी आलेल्या पाहुणीला म्हणावं तसं गोड आवाजात म्हणत होता, बसा. देवानंद वाईट नव्हता. सोजरबाईचा मुलगा तो. भाजीच्या पाटीत झोपून, कुसुमबाईंच्या वांग्यांशी खेळून मोठा झालेला आणि आता ग्रामपंचायतीत कारकून. वाईट असता तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. त्याच्या गोडपणाचाच त्यांना जास्त राग आला.

त्या बसल्या नाहीत. डोक्यावरची टोपली तशीच धरून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. चारी बाजूंनी निळे पत्रे. मध्ये सपाट, मुरूम टाकलेली जमीन. हिवरापेठेचा जुना भाजीबाजार गेल्या सालच्या होळीआधी जळाला तो शेजारच्या आवारातल्या कापसाच्या गंजीपायी. कापूस पेटला की भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. वरून पाणी मारून लोक निश्चिंत घरी गेले, आणि तिसऱ्या दिवशी गंजीच्या पोटातून आग निघाली ती मांडव, फळ्या, पत्रे आणि बाजारातलं चिंचेचं झाड एका दुपारीत घेऊन गेली. माणूस एकही दगावलं नाही. तेव्हा सगळे म्हणाले, देवाची कृपा. मग हायवेच्या बाजूला, गावापासून तीन किलोमीटरवर, सिमेंटच्या ओट्यांचा नवा बाजार झाला आणि सगळे म्हणाले, विकास. आणि मग गावचे पुढारी उद्धवराव म्हणाले की जुन्या बाजाराची आठवण पुसली जाऊ नये. तिथं बगीचा करू, लहान मुलांना झोके लावू आणि मधोमध भाजीवालीचा पुतळा बसवू. पुतळ्यासाठी भाजीवाली हवी होती. सगळ्यांत जुनी, नाकीडोळी ठसठशीत म्हणून कुसुमबाईंचं नाव निघालं. हिरवं लुगडं नेसा, टोपलीत वांगी भरून आणा, तराजूही आणा, फोटो काढून कारागिराकडे पाठवायचे आहेत, असा निरोप घेऊन देवानंद घरी आला होता. बाजारातल्या बायका फणकारल्या, कुसुमबाई देवी होऊन राह्यली म्हने, आता तिले नारळ फोडा! जिवंतपणी आपला पुतळा व्हावा अशी हौस कुसुमबाईंना नव्हती. पण दीड वर्षात त्या पत्र्यांच्या आत पाऊल टाकायला मिळण्याची ही एकच वाट होती, आणि वाट दिसली की त्या कधी चुकवत नसत.

जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं एक चौकोन आखला होता. तिथं पुतळ्याचा चौथरा येणार होता. "यात बसा," देवानंद म्हणाला.

"इथं नव्हती मी बसत."

"दोन हात इकडं का तिकडं, काय फरक पडते मावशी? फोटोत जमीन थोडीच दिसते."

"तुले नसन पडत. कारल्यावालीच्या जागेत मी कायले बसू?"

त्यांनी टोपली खाली ठेवली आणि त्या नालीच्या कडेला गेल्या. नालीवरचा घडीव दगड जळला नव्हता, नुसता काळा पडला होता. तिथून सात पावलं पूर्वेला सोजरबाईची अंबाडी, नऊ पावलांवर आपली वांगी, अकरा पावलांवर रुक्माबाईची कारली. डोळे मिटूनही चालता येईल अशी ती वाट होती. त्या पावलं मोजत आल्या. त्यांची नववी टाच टेकली ती चौकोनाच्या डावीकडे, चांगली दीड-दोन हात अलीकडे. ही आपली जागा. चौकोन पडला होता तो अर्धा रुक्माबाईच्या कारल्यांवर. म्हणजे पुतळा कुसुमबाईंचा आणि बसणार रुक्माबाईच्या उरावर! रुक्माबाई बिचारी तिकडे मंचेरियलला, खाणीत कामाला असलेल्या मुलाच्या क्वार्टरमध्ये दिवस काढत होती, तिला याची खबरही नसेल. अकरा बायकांची रांग होती ती, आणि कुणाची जागा कुठली हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच पडली नव्हती. ते रोजच्या जेवणात शिजत होतं.

कारण बाजार उठताना प्रत्येकीनं आपल्या मालातली एक मूठ उजव्या हाताच्या शेजारणीच्या टोपलीत टाकायची, असा या रांगेचा रिवाज होता. त्याला म्हणायचे शेजारमूठ. सोजरबाईची मूठभर अंबाडी कुसुमबाईंकडे, कुसुमबाईंची वांगी रुक्माबाईकडे, रुक्माबाईची कारली पुढे मिरच्यांकडे, मिरच्या गवारीकडे, आणि असं करत अगदी टोकाची मेथीवाली आपली जुडी घेऊन सगळी रांग चालत यायची आणि पहिल्या टोपलीत टाकायची. त्या दिवशी भांडण झालेलं असो, गिऱ्हाईक पळवलेलं असो, एकमेकींचं तोंड पाहायची इच्छा नसो, मूठ चुकायची नाही. तोंड फिरवून टाकायची, पण टाकायची. देवानंद जन्मला तेव्हा सोजरबाई महिनाभर आली नव्हती, तर तिची सासू मूठ टाकायला येऊन जायची. कुसुमबाई नवी नवरी म्हणून या रांगेत बसल्या तेव्हा त्यांनी आपल्या सासूला विचारलं होतं, हे कशाला? सासू म्हणाली, निजामाच्या शेवटच्या दिवसांत ही पेठ एकदा जाळली होती. माणसं पैनगंगा ओलांडून पलीकडे पळाली, आणि पोलीस ॲक्शननंतर परत आली तेव्हा घर ना दार. पहिला बाजार बसला तो राखेतच. एकीकडे नुसती अंबाडी, एकीकडे नुसत्या मिरच्या, कुणाच्याच घरी धड भाजी होईना. तेव्हापासून मूठ सुरू झाली. "पेठ अशी बसली व माय," सासू म्हणायची, "दगडा-मातीनं नाई बसली." कुसुमबाईंना तेव्हा ते म्हातारीचं पुराण वाटलं होतं. तरण्या वयात सगळ्याच म्हाताऱ्यांचं सगळंच पुराण वाटतं.

नव्या बाजारात चिठ्ठ्या टाकून ओटे वाटले. कुसुमबाईंना सत्तावीस नंबर आला, सोजरबाईला चार, बाकीच्या कुठे कुठे. चिठ्ठ्यांना हरकत घ्यायची असं सगळ्यांचं ठरलं होतं, पण ऐन वेळी सोजरबाईनं कागदावर पहिला अंगठा दिला आणि मग एकेक करून सगळ्यांनी दिला. सोजरबाईचा मुलगा पंचायतीत नोकरीला, ती तरी काय करणार. हे कुसुमबाईंना समजत होतं, म्हणूनच त्यांनी तिला माफ केलं नव्हतं. न समजता माफ करणं सोपं असतं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. नव्या ओट्यावर पहिल्या दिवशी संध्याकाळी कुसुमबाईंनी सवयीनं मूठभर वांगी उजव्या हाताला टाकली. उजव्या हाताला मोबाईलची कव्हरं विकणारा होता. तो दचकला, मग हसून म्हणाला, "नको अक्का, आमच्या घरी कोणी वांगे खात नाई," आणि त्यानं ती परत ओट्यावर ठेवली. त्यात त्याची काही चूक नव्हती. पण त्या दिवशी घरी आल्यावर कुसुमबाईंनी चूल पेटवली नाही. पाण्याचा पेला घेऊन दारात बसून राहिल्या आणि अंबाडीच्या भाजीची चव जिभेवर शोधत राहिल्या. अडतीस वर्षं रोज थोडी थोडी पोटात गेलेली दुसऱ्या बाईची अंबाडी. ती बंद झाल्यावर कळलं की आपण नुसत्या वांग्यांवर जगणारी बाई कधी नव्हतोच.

"मावशी, ऊन चढून राह्यलं. अकरा वाजता उद्धवराव साहेब कुदळ माराले येऊन राह्यले. बसा ना जरा," देवानंद म्हणाला.

कुसुमबाईंनी गोणपाट झटकून अंथरलं, पण बसल्या नाहीत. काळ्या पडलेल्या नालीच्या दगडाकडे पाहता पाहता त्यांना दुसरी एक भिंत आठवली. गेल्या उन्हाळ्यात मुलीनं, अश्विनीनं, हट्टानं त्यांना बेल्जियमला नेलं होतं. गेंट नावाच्या गावात ती कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. लुगड्याखाली बूट घालून कुसुमबाई महिनाभर तिकडच्या थंडीत हिंडल्या. एका शनिवारी अश्विनी त्यांना ईपर नावाच्या गावी घेऊन गेली. चौकात एक अवाढव्य इमारत, लांबच लांब, टोकदार खिडक्यांची, मध्ये मनोरा. अश्विनी म्हणाली, ही कापडाची पेठ. सातशे वर्षांपूर्वी इथं लोकरीच्या कापडाचा व्यापार चालायचा. कुसुमबाई कापसाच्या मुलखातल्या. आदिलाबादच्या यार्डात कापसाच्या गाड्यांची रांग त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. त्यांनी आदरानं भिंतीवर तळवा ठेवला, देवळाच्या भिंतीवर ठेवावा तसा. तेव्हा अश्विनी हसली. "आई, ही भिंत तुझ्या बाबांपेक्षा वयानं लहान असेल. शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईत या गावात एक घर उभं उरलं नव्हतं. चार वर्षं तोफा चालल्या. हे सगळं नंतर जसंच्या तसं बांधलंय. खरं म्हटलं तर खोटंच." कुसुमबाईंनी हात काढला नाही. भिंत गार होती. त्या म्हणाल्या, "लुगडं फाटलं अन् त्याच काठाचं दुसरं घेतलं, त बाई खोटी होते काय व?"

मग अश्विनीनं सगळं सांगितलं, कारण आईला अर्धवट सांगून चालत नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक. लढाई जिंकलेल्या इंग्रजांचे लाखो शिपाई तिथं मेले होते, आपल्याकडचे शिपाईसुद्धा. त्यांच्यातल्या मोठ्या लोकांना वाटलं, हे पडकं गाव असंच राहू द्यावं, स्मारक म्हणून. भग्न भिंतींवर पाटी लावली, ही पवित्र भूमी आहे, इथला एक दगडही कुणी हलवू नये. "अन् गावची मान्सं?" कुसुमबाईंनी विचारलं. गावची माणसं परत आली. लाकडी खोपट्यांत राहिली. त्यांना गाव हवं होतं, स्मारक नको होतं. त्यांनी पाटी वाचली आणि तिच्या शेजारी चुली मांडल्या. कुसुमबाईंना हे इतकं आवडलं की त्या भर चौकात मोठ्यानं हसल्या. पवित्र म्हणे! दुसऱ्याच्या घरादाराला पवित्र म्हणायला काय जातं. पवित्र म्हटलं की मग तिथं कपडे वाळत घालता येत नाहीत, लेकराला हागवता येत नाही, भाजी विकता येत नाही. हात जोडून लांब उभं राहायचं.

आणि त्या दिवशी त्या इमारतीच्या पायथ्याशी बाजार भरला होता. खराखुरा भाजीबाजार, शनिवारचा. कुसुमबाईंच्या पायांना एकदम हुशारी आली. एका म्हातारीकडून त्यांनी हिरव्या शेंगा घेतल्या. म्हातारीची बोटं अगदी त्यांच्यासारखी, नखांत माती. पिशवी हातात आली आणि मन कुठं होतं कोण जाणे, त्यांनी पिशवीतली मूठभर शेंग काढली आणि उजव्या हाताच्या फुलवाल्याच्या खोक्यात टाकली. फुलवाला ओरडला. अश्विनी लाजेनं लाल झाली, "आई, काय करतेस!" लोक वळून पाहू लागले. शेंगांवाली म्हातारी मात्र कमरेवर हात ठेवून पाहत राहिली, फुलवाल्याशी काहीतरी बोलली, दोघं हसले, आणि त्या बाप्यानं वाकून एक पिवळं फूल उचललं व पुढच्या चीजवालीच्या गल्ल्यावर ठेवलं. एवढंच. गाडीत बसल्यावर अश्विनीनं विचारलं, आई, रडतेस का? कुसुमबाई म्हणाल्या, वारा हाय. वारा नव्हता. त्यांना त्या परक्या गावाचा हेवा वाटला होता. तोफांनी जे मोडलं ते या लोकांनी पुन्हा बसवलं, आणि आपल्याला एका कापसाच्या गंजीनं उठवलं. गंजीनं कसलं? आपल्याच अंगठ्यानं.

"मावशी!"

कुसुमबाई बसल्या. मांडी घातली, पदर खोचला, वांगी टोपलीत डोंगरासारखी रचली, पाणी शिंपडलं, तराजू उजव्या गुडघ्याशी ठेवला. देवानंदनं पटापट फोटो काढले, समोरून, बाजूनं, हात वर करा मावशी, इकडं पाहा मावशी, थोडं हसा. त्या हसल्या नाहीत. मांडीखालची जमीन ओळखीची वाटत होती. मुरुमाच्या खाली राख होती, राखेखाली चिंचेची मुळं असतील, त्याखाली सासूच्या वेळची राख. एवढं सगळं खाली असताना वर एक सिमेंटची बाई बसणार. तिच्या टोपलीतली वांगी कधी किडणार नाहीत, ती कधी कुणाला मूठ देणार नाही आणि तिला उठा म्हणायची कुणाला गरज पडणार नाही. उद्धवरावांना हवी तशी बाई!

"झालं मावशी. मस्त आले. उठा आता."

"हो," म्हणाल्या कुसुमबाई, आणि बसून राहिल्या.

तेवढ्यात पत्र्याच्या फटीतून कुणीतरी डोकावलं. मराठी शाळेतून निवृत्त झालेले धम्मपाल गुरुजी. हातात रिकामी पिशवी. नव्या बाजारापर्यंत गुडघे चालत नाहीत म्हणून वर्षभर दुकानातले बटाटे खाणारा माणूस. त्यांनी चष्मा पुसला.

"कुसुमबाई? काटेरी हायेत काय?"

"काटेरीच हायेत गुरुजी. या, हातानं निवडून घ्या."

"अवो गुरुजी, हे इकाले नाई," देवानंद मध्ये पडला. "हे फोटोसाठी हाय."

"फोटोसाठी हाय, मंग काय वांगे नाई हायेत?" गुरुजी म्हणाले आणि उकिडवे बसून एकेक वांगं दाबून पाहू लागले. कुसुमबाईंनी तराजू उचलला. काटा हलला, थांबला. फोटोसाठी आणलेला तराजू, फोटोसाठी आणलेली वांगी, फोटोसाठी नेसलेलं लुगडं, आणि बघता बघता दुकान लागलं. गुरुजींनी बाहेर जाऊन कुणाला काय सांगितलं देव जाणे, पण फटीतून आणखी दोन डोकी आत आली. कुसुमबाईंना भीती वाटत होती, हे खोटं नाही. एक बाई बसली तर तिला उचलून बाजूला ठेवता येतं. दोन पोलीस पुरे. एका बाईचा पुतळाच होतो. बाजार व्हायला दुसरी बाई लागते.

देवानंद घामाघूम झाला होता. त्यानं पत्र्याकडे तोंड करून फोन लावला. "माय, तू ये वं इकडं जुन्या बाजारात. कुसुममावशी उठून नाई राह्यल्या. साहेब येऊन राह्यले. तू समजाव त्यायले, तुह्यं आयकतीन त्या." कुसुमबाईंनी ऐकलं आणि मान फिरवली. तिचं मी कायले ऐकू? तिचं नाव घेतलं तरी अंबाडीची आंबट चव तोंडात येत होती आणि त्याचाच संताप होत होता.

सोजरबाई आली ती चालत, पदर डोक्यावर, काखेत फडक्यात बांधलेला भारा. आत येऊन ती उभी राहिली. पत्रे पाहिले, फक्कीचा चौकोन पाहिला, टोपली पाहिली. मुलाकडे तिनं पाहिलंही नाही. कुसुमबाईंनी ठरवलं होतं, ही 'उठ' म्हणाली की तराजू हिच्या पायाशी फेकायचा.

"सरक," सोजरबाई म्हणाली.

"काऊन?"

"माह्या जागेत बसली तू. हातभर आली इकडं."

"नऊ पावलं मोजून बसली मी."

"मोजली असशीन. तवा तुह्ये पाय तरणे होते. आता पाऊल आखूड होऊन राह्यलं तुह्यं. म्हनून नववं पाऊल माह्या अंबाडीत पडलं."

कुसुमबाईंनी खाली पाहिलं. खरंच की. दहा-अकरा पावलांची जागा झाली होती ती, म्हातारपणानं वाट लांबवली होती. चौकोनाला हसता हसता स्वतःच चुकल्या होत्या. आणि ही चूक या जगात एकाच बाईला दिसली असती. आयुष्यात कितीदा तरी त्यांना 'उठ' म्हटलं गेलं होतं. आज पहिल्यांदा त्या खुशीनं उठल्या, टोपली ओढली आणि हातभर उजवीकडे, फक्कीच्या रेघेला लागून बसल्या. डाव्या बाजूला सोजरबाईनं फडकं सोडलं. अंबाडीच्या लाल देठांच्या जुड्या, पाणी मारलेल्या. म्हणजे ही समजवायला निघालीच नव्हती. समजवायला निघालेली बाई भारा बांधून येत नाही.

"माय, हे काय लावलं तुनं? माह्यी नोकरी जाईन!" देवानंद रडकुंडीला आला.

"तुह्या नोकरीपायी एक डाव अंगठा देल्ला म्या," सोजरबाई म्हणाली. "आता दुसरा अंगठा नाई माह्याजवळ."

आणि मग, बाजार उठायला अख्खा दिवस बाकी असताना, तिनं एक मूठ अंबाडी उचलली आणि कुसुमबाईंच्या टोपलीत टाकली. मग दुसरी. मग तिसरी. वांगी झाकून गेली. "पुरे व माय," कुसुमबाई म्हणाल्या. "दीड वर्षाची राह्यली हाय," सोजरबाई म्हणाली, आणि मग दोघींनीही पदरानं नाक पुसलं, एकमेकींकडे न पाहता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दारं आपटली, कुणीतरी हार आणा, नारळ आणा म्हणून ओरडलं, आणि पत्र्यापलीकडून उद्धवरावांचा भारदस्त आवाज आला. देवानंद धावत आला, हात जोडून. "मावशी, साहेब आले. आता तरी उठा. फोटो कवाचा झाला."

"कुठं झाला?" कुसुमबाई म्हणाल्या. "अजून नऊ जणी याच्या हायेत. त्याले म्हन, सगळ्या बसल्या का मंग काढजो फोटो."

त्यांनी अंबाडीखालून मूठभर वांगी काढली, उजवा हात लांब केला आणि ती फक्कीच्या चौकोनात, अगदी मधोमध ठेवली. रुक्माबाई मंचेरियलहून येईल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. जागा कारल्यांचीच होती.